कच्च्या टाक्याचा झेंडा

आबा पार्टीचे झेंडे कायम लांब टाक्यानं शिवायचे. बार्शीच्या बाजारात एका बोळात त्यांचं शिलाईचं दुकान होतं आणि निवडणूक आली की सगळ्याच पार्ट्यांची माणसं तिथं यायची. सकाळी एका रंगाचा तागा, दुपारी दुसऱ्या. लग्नाचं पोलकं असो की शाळेचा गणवेश, त्याला आबा बारीक टाका घालायचे आणि टोकाला मशीन मागंपुढं करून टीप पक्की करायचे. झेंड्याला मात्र चाकी फिरवून टाका लांब. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "निकाल लागला की हे उसवायचंच असतं. आपल्याच हातानं आपल्याला कशाला छळायचं?"

आणि खरंच, निकालानंतर उरलेले झेंडे दुकानात येऊन पडायचे. आई ते उसवून पिशव्या करायची, उशांचे अभ्रे करायची, गोधडीला आतून लावायची. बारावीपर्यंत मी ज्या गोधडीत झोपले तिच्या आत जिंकलेली आणि हरलेली पार्टी शेजारी शेजारी होती.

त्या दुकानाच्या जिवावर मी इंजिनियर झाले. आमच्या घरातली पहिली डिग्री माझी. नवरा म्हणतो, हे मी कुणालाही पाच मिनिटांत सांगते. सांगणारच. पाहुण्यांनी आबांना "मुलीला एवढं शिकवून काय करणार" असं विचारलेलं माझ्या कानांनी ऐकलंय.

आता मी अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमध्ये गाड्यांचे सीटबेल्ट तपासते. पट्ट्याची शिवण कुठवर ओढ सोसते आणि कुठं फाटते, हे यंत्रावर लावून बघायचं. आबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते खूप हसले. "म्हणजे शेवटी शिलाईच की गं!"

लॅबमध्ये माझ्यासोबत एक टेक्निशियन आहे, माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठा. यंत्र बिघडलं की मी पहिली हाक त्याला मारते. तो ज्या मुलखातून आलाय त्याचं नाव मी इथं लिहिणार नाही, कारण त्याचे जवळचे नातलग अजून तिथं राहतात. एवढं पुरे, की तो डोंगराळ मुलूख मोठ्या देशापासून वेगळा व्हायला निघाला होता, त्यावरून बरीच वर्षं लढाई झाली आणि वेगळा काही झाला नाही. हा तेव्हा लहान होता. त्याचा थोरला भाऊ त्या लढाईत गेला, एवढं मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं.

त्याची आई त्याच्याकडेच राहते. आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. मी त्यांना मावशी म्हणते, हा शब्द त्यांना एवढा आवडला की फोन उचलल्यावर त्या स्वतःच म्हणतात, "मावशी बोलते." मला त्या टेलर म्हणतात. इंजिनियर म्हणा म्हटलं तर म्हणतात, "इंजिनियर इथं प्रत्येक घरात आहे. टेलर एकच." आमची बोली म्हणजे त्यांचं मोडकं इंग्रजी, माझं बार्शीचं इंग्रजी आणि हातवारे. इथं मी सगळं मराठीत लिहिते आहे.

आमच्या बेसमेंटमध्ये शिलाई मशीन आहे. गणपतीच्या आधी आमच्या ढोल-ताशा पथकाचे भगवे झेंडे मीच शिवते. मावशी दुपारच्या येऊन बसतात, काठ दुमडून देतात, टाचण्या लावतात. नजर अधू झाली आहे, पण बोटांना सगळं दिसतं. मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये त्यांच्यासोबत त्यांची नातही यायची. हायस्कूलचं शेवटचं वर्ष, वर्गात कायम पहिल्या दोघांत. मला आंटी म्हणायची. तिचा बाप, म्हणजे माझा लॅबमधला सोबती, टेक्निशियनचा कोर्स केलेला, आई नर्सिंग होममध्ये शिफ्ट करणारी. चार वर्षांच्या कॉलेजात जाणारी त्या घरातली ही पहिली. त्यामुळे तिचे अर्ज, तिचे निबंध, कुठलं कॉलेज, कुठली स्कॉलरशिप, हे सगळं मी आपणहून अंगावर घेतलं होतं. मला कुणी सांगायला नव्हतं. हिला मी आहे, असं वाटायचं.

ऑक्टोबरमध्ये मावशींसोबत एक गृहस्थ आले. त्यांच्या मुलखातून इथं आलेल्या लोकांच्या संघटनेचे सेक्रेटरी. सूट, केसांना तेल, आवाज अगदी मऊ. हातात कापड होतं. हिरवं कापड, काळी किनार, मधे लावायला पांढऱ्या कापडाची पुलाची कमान कापून आणलेली. हाच त्यांचा झेंडा. लढाईच्या शेवटी नदीवरच्या एका पुलावर त्यांच्या मुलांनी शत्रूला थोपवून धरलं आणि तिथंच ती मेली, म्हणून पूल. त्यांचा स्मरणदिन नोव्हेंबरात असतो. रीत अशी, की मेलेल्या मुलाच्या आईनं स्वतःच्या हातानं शिवलेला झेंडा त्याच्या घरातल्या कुणीतरी स्टेजवर न्यायचा. मावशी आजवर टाळत आल्या होत्या. डोळे गेले, हात थरथरतो, पुढच्या वर्षी बघू.

"यंदा नात नेणार आहे," सेक्रेटरी म्हणाले. "तिनंच नाव दिलं. आता आजीला नाही म्हणता येणार नाही, काय?"

मावशींनी कापडाची घडी उलगडली आणि परत घातली.

मी म्हटलं, "डोळे खरंच अधू आहेत त्यांचे. मशीन मी मारते, एखादा टाका त्या घालतील. चालेल का?"

"चालेल, चालेल. भावना महत्त्वाची." कपाटावर घड्या घालून ठेवलेल्या आमच्या झेंड्यांवरून त्यांची नजर फिरली. "तुमच्याकडेही झेंडा नाचवतात, मी पाहिलंय परेडमध्ये. तुम्हाला आमचं बरोबर समजेल."

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? ते गेल्यावरही ते वाक्य खोलीत राहिलं.

कापड मशीनखाली घेतलं, पाय दाबला. अर्धी किनार झाल्यावर मावशींनी हात पुढे केला आणि टाक्यांवरून अंगठ्याचं नख फिरवलं.

"टेलर, हा टाका लांब आहे. तुमच्या झेंड्याला बारीक होता."

मी बघितलं तर खरंच. आमचे झेंडे वर्षानुवर्षं वापरायचे म्हणून पक्के शिवते. हे कापड हातात आलं आणि बोटांनी आपोआप चाकी फिरवली होती, बार्शीच्या दुकानात फिरायची तशी. मी ओशाळले. उसवून परत मारते म्हटलं आणि आबांची गोष्ट सांगितली. निकाल, पिशव्या, गोधडी, सगळं.

मावशी हसल्या. तोंडावर हात ठेवून, खांदे हलेपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, "उसवू नको. असाच शिव. सगळा असाच."

त्या दिवशी त्यांनी मला सांगितलं. खुर्ची मशीनजवळ ओढली, आवाज मात्र खाली आणला नाही. लढाईच्या शेवटच्या वर्षात वेगळं होण्यासाठी लढणाऱ्या चळवळीचे लोक घरोघर फिरत होते. प्रत्येक घरातून एक मूल द्यायचं. थोरल्याला त्यांनी शाळेच्या दारातून नेलं, गणवेशावरच. काही महिन्यांनी तो आणि शेजारचा एक मुलगा तिथून पळाले. घरी यायचा रस्ता पुलावरून होता.

"पुलावर शत्रू नव्हता," मावशी म्हणाल्या. "शत्रू अजून डोंगरापलीकडे होता. पुलावर आपलेच उभे होते. पळणाऱ्यांसाठी."

शेजारच्या मुलानं नदीत उडी टाकली, तो वाचला. त्यानंच येऊन सांगितलं. आणि सांगितलं नसतं तरी मावशींना कळलंच असतं, कारण थोरल्याला आंघोळ त्यांनी घातली होती. गोळी पाठीत होती.

मी मशीनवरचा हात काढला. समोर हिरव्या कापडावर ती पांढरी कमान टाचण्यांनी लावून ठेवलेली होती.

"हे नातीला माहीत आहे?"

"मुलाला माहीत आहे. तिला नाही." एक टाचणी सरळ करत म्हणाल्या, "आम्ही इथं आलो तेव्हा घर संघटनेच्या लोकांनी शोधून दिलं, नोकरीसाठी शब्द त्यांनी टाकला, सुनेचं बाळंतपण त्यांच्या बायकांनी केलं. मी कुणाला सांगू? आणि सांगून तो परत येणार आहे?"

झेंडा पुरा झाला. कमानीच्या कोपऱ्यात मावशींनी हातानं एक टाका घातला आणि दोरा दातानं तोडला.

त्याच आठवड्यात नातीनं मला कॉलेजच्या अर्जाचा निबंध दाखवला. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा दसपट चांगलं. तिच्या काकावर होता. सोळा वर्षांचा मुलगा पुलावर उभा, समोरून सैन्य येतंय, तो मागं वळून बघत नाही. शेवटी लिहिलं होतं, की शाळा संपली की कॉलेज वर्षभर लांबवून ती तिकडे जाणार आहे, संघटनेच्या शाळेत शिकवायला, आणि काकाचं राहिलेलं काम पुरं करायला.

मी विचारलं, "हे तिकडे जायचं कधी ठरलं?"

"उन्हाळ्यात, कॅम्पमध्ये. आंटी, यू शुड सी द कॅम्प. आम्ही मार्च करतो, लाकडी रायफल्स घेऊन. इट्स जस्ट डिसिप्लिन."

"आजीला विचारलंस हे, काकाचं? नीट बसून?"

"आजी रडते. सो आय डोन्ट आस्क."

मी तिला स्वल्पविराम दोन ठिकाणी बदलायला सांगितले. गोष्ट माझी नव्हती, मी कशी बोलणार? पण दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तिच्या बापाला गाठलं. पट्टा यंत्रात ताणायला लावलेला होता. आकडा चढत होता आणि आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बोलत होतो.

मी म्हटलं, "ती तिकडे जायचं म्हणते आहे."

"वर्षभर शिकवून येईल. चांगलंच आहे."

"मावशींनी मला सांगितलं. पुलाचं."

त्यानं यंत्राच्या काचेवरची धूळ बोटानं पुसली. मग म्हणाला, "तिथं वेगवेगळ्या घरांचे मुलगे मेले. कुणी पुढून, कुणी मागून. इथं वर्षातून एक दिवस सगळ्यांचा फोटो एका ओळीत लागतो. माझा भाऊ पळपुटा म्हणून मेला की हिरो म्हणून, त्यात कुणाचं काय जातं? मला तरी हिरो बरा वाटतो."

"तुझी मुलगी जाते."

पट्टा फाटला. लॅबमध्ये तो आवाज रोज होतो, तरी त्या दिवशी मी दचकले. तो आकडा लिहून घेऊ लागला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "प्लीज. हा आमच्या घरचा मामला आहे." इतक्या वर्षांत असं तो मला पहिल्यांदाच बोलला.

स्मरणदिन ज्या हॉलमध्ये झाला तिथंच आमच्या मंडळाची दिवाळी होते. त्याच स्टेजवर, ज्या हुकांना आम्ही तोरण बांधतो त्याच हुकांना त्यांचे फोटो लटकले होते. माणसाएवढे मोठे. मी आणि नवरा पाहुण्यांच्या रांगेत बसलो. पहिल्या ओळीत पांढऱ्या खोळी घातलेल्या खुर्च्या होत्या, मेलेल्यांच्या आयांसाठी. मावशी मधल्या खुर्चीत होत्या.

थोरल्याचा फोटो उजवीकडून दुसरा. मावशींच्या पाकिटातला मूळ फोटो मी कितीदा पाहिला होता. शाळेचा पांढरा शर्ट, वरचं बटण निळं, कारण पांढरं तुटलं होतं आणि घरात निळंच सापडलं. ते बटण मावशींनी लावलं होतं. इथं स्टेजवर चेहरा तोच होता, तसाच किंचित ओठ उघडे, पण मानेखाली लढाईचा गणवेश होता. हिरवा, दोन खिशांचा, कॉलरवर पुलाचं चिन्ह. कुणीतरी कॉम्प्युटरवर बसून केलेलं. काम इतकं सफाईदार, की मूळ फोटो न पाहिलेल्याला शंका येऊ नये.

मावशी उठून फोटोजवळ गेल्या. सगळ्यांना वाटलं, पाया पडायला. टाळ्यासुद्धा वाजल्या. त्यांनी चेहरा फोटोच्या अगदी जवळ नेला आणि गळ्यापाशी बोट फिरवलं, वर, खाली, परत वर. मग जाऊन खुर्चीत बसल्या.

नात झेंडा घेऊन आली. अंगात तिच्या तसलाच हिरवा शर्ट. ताठ चालली, छान चालली, खोटं कशाला बोलू. तिनं इंग्रजीत निबंधातलाच शेवटचा भाग म्हटला आणि हॉल उभा राहिला. म्हातारी माणसं हुंदके देत होती. ते रडणं नाटकी नव्हतं; ज्यांची मुलं गेली होती ती माणसं होती ती. मीही उभी राहिले, सगळं ठाऊक असून. ते मला अजून टोचतं. आमचं पथक वाजायला लागलं की माझ्या अंगावर जो काटा येतो, तोच काटा होता.

थोरल्याच्या फोटोपुढं पणती लावायला मावशींना उठवलं. त्यांनी लावली.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी मावशी नातीला घेऊन आमच्या बेसमेंटमध्ये आल्या. घडी घातलेला झेंडा हातात. "तुझ्याकडे बसते. तिच्या बापासमोर नको." मी वर जायला निघाले तर म्हणाल्या, "टेलर, थांब. कात्री दे."

कात्री दिली. त्यांनी झेंडा मांडीवर घेतला आणि किनारीचा एक टाका कापून दोरा ओढला. लांब टाका तो, सरसर निघाला.

"आजी, व्हॉट आर यू डूइंग?"

मावशी त्यांच्या भाषेत बोलू लागल्या. मला शब्द कळत नव्हते, पण कुठपर्यंत आल्या ते कळत होतं. शाळेच्या दारापाशी, कुणी मनगट धरून ओढावं तसा हात केला. पुलापाशी थांबल्या. मग स्वतःचा हात मागं नेऊन पाठीवर एक जागा दाखवली आणि तिथंच हात ठेवून बसल्या. काळी किनार सगळी निघून जमिनीवर पडली होती.

पोरगी रडली नाही. तिचा चेहरा एखाद्या मोठ्या बाईसारखा झाला, समजूतदार. तिनं माझ्याकडे वळून इंग्रजीत सांगितलं, मला समजावं म्हणून.

"आंटी, त्यांनी आम्हाला सांगितलं होतं हे. कॅम्पमध्ये. काही आया असं म्हणतील. तिकडच्या सरकारनं तेव्हा गावोगाव हीच गोष्ट पसरवली होती, आणि दुःखात माणूस कशावरही विश्वास ठेवतो. इट्स नॉट हर फॉल्ट."

"अगं, त्यांनी स्वतः आंघोळ घातली त्याला. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं," मी म्हटलं.

"शी वॉज इन शॉक."

एवढंच. मला वाटायचं, शिकलेली पोरगी आहे, पुरावा समोर ठेवला की कळेल. शिक्षणावर माझा फार भरवसा. माझं सगळं आयुष्य त्याच्यावर उभं आहे. पण तिच्या डोक्यात उत्तर आधीच शिवून ठेवलेलं होतं, आणि तो टाका बारीक होता.

तिनं आजीच्या मांडीवरचं कापड उचललं, किनार गोळा केली, पांढरी कमान नीट घडी केली. "इट्स ओके, आजी," म्हणाली आणि आजीच्या केसांवरून हात फिरवला. कापड घेऊन गेली. पुढच्या महिन्यात मी ते तिच्या खोलीच्या भिंतीवर पाहिलं, नवीन शिवलेलं. कुणी शिवून दिलं, मी विचारलं नाही.

वसंतात तिला हव्या त्याच कॉलेजात प्रवेश मिळाला, स्कॉलरशिपसकट. निबंधाचं फार कौतुक झालं म्हणे. तिनं कॉलेज वर्षभर लांबवलं आणि जूनमध्ये तिकडे गेली. विमानतळावर हिरव्या शर्टांचा घोळका होता. सेक्रेटरी होते. बापानं बॅग उचलली होती आणि त्याचा चेहरा मला बघवत नव्हता. कुणाचं काय जातं, हे त्याला त्या दिवशी मी विचारू शकले असते. विचारलं नाही.

मावशी आता स्मरणदिनाच्या तयारीच्या मीटिंगलाही जातात. पहिल्या ओळीत बसतात, पणत्या पुसून देतात. मी न राहवून विचारलं, "मावशी, तुम्ही तिथं कशाला जाता?"

"ती रविवारी संघटनेच्याच फोनवर फोन करते. घरच्या फोनवर लागत नाही म्हणे. सगळे ऐकत असतात, म्हणून मी फक्त जेवलीस का विचारते. मी खुर्ची सोडली तर फोन कुणाच्या हातात देतील?"

मागचे दोन रविवार फोन आला नाही. शाळा डोंगरात आहे, रेंज नसते, असं सेक्रेटरी म्हणाले. मऊ आवाजात.

परवा मावशी आल्या तेव्हा हातात नातीचा हिवाळी कोट होता. खालचं अस्तर उसवलं होतं. मी म्हटलं, तिकडे उन्हाळाच असतो ना, घाई काय आहे? त्या म्हणाल्या, "येईल तेव्हा इथं बर्फ असेल."

मी अस्तर मशीनखाली घेतलं. मावशींनी वाकून स्वतः चाकी फिरवली, सर्वांत बारीक टाक्यावर आणली. मी टोकाला मशीन मागंपुढं करून टीप पक्की केली. त्यांनी शिवण दोन्ही हातांत धरली आणि जोर लावून ओढली, लॅबमध्ये आम्ही ओढतो तशी. परत ओढली. मग कोट हातावर घेऊन हळूहळू जिना चढल्या.